आखूड भट्टीतला लो-नॉक्स गॅस बर्नर पुन्हा पुन्हा ट्रिप होतोय? आधी हवा बघा

पहाटे बॉयलर लो फायरवर, म्हणजे लहान ज्योतीवर, छान चालतो. सकाळी सातची शिफ्ट लागते, स्टीमची मागणी वाढते, बर्नर हाय फायरकडे जायला लागतो आणि खोलीत घुमल्यासारखा आवाज सुरू होतो. काचेतून बघावं तर ज्योत थरथरतेय. मग खट् आवाज, पॅनेलवर लाल दिवा, बर्नर आपोआप बंद, म्हणजेच ट्रिप. रिसेट दाबला की पेटतो, तासाभराने पुन्हा तेच. नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे आणि इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, या पट्ट्यात मी वर्षानुवर्षं बर्नरची कामं करतोय आणि हाच फोन मला सगळ्यात जास्त वेळा येतो. फोन येईपर्यंत कोणीतरी गॅसचा रेग्युलेटर फिरवून बघितलेला असतो. तो फिरवू नका. आधी काय बघायचं ते स्वस्तापासून महागापर्यंत क्रमाने लिहितो.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- बर्नर लो फायरला ठीक, पण साधारण ७० टक्के लोडच्या वर घुमतो किंवा धडधडतो.
- ज्योतीची टोकं नारिंगी, आणि ज्योत मागच्या भिंतीला जाऊन आपटताना दिसते.
- चिमणीजवळ किंवा बॉयलरच्या दारापाशी उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, नाकाला झोंबतं. हा अर्धवट जळलेल्या गॅसचा वास.
- ॲनालायझर (चिमणीतला वायू मोजणारं यंत्र) लावला तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) शेकडो पीपीएम (दहा लाखांत किती भाग), आणि लोड बदलला की आकडा उड्या मारतो.
- चिमणीचं तापमान गेल्या काही महिन्यांत हळूहळू वर सरकलंय.
- बॉयलरच्या पुढच्या दाराचा रंग बर्नरभोवती करपलाय.
- हिवाळ्यात त्रास नव्हता, मे-जूनपासून सुरू झाला.

शेवटचं लक्षण मी मुद्दाम विचारतो. त्यात अर्धं उत्तर असतं.

आखूड भट्टीतच हे का होतं

घरी शेगडीवर मोठी ज्योत लावून छोटं पातेलं ठेवलं की ज्योत थंड तळाला चाटते आणि तळ काळा पडतो. जळणं पूर्ण व्हायच्या आतच ज्योत गार पडली, म्हणून. बॉयलरच्या भट्टीत नेमकं हेच होतं. आपल्याकडचे गाळे लहान, जागा महाग, त्यामुळे रिव्हर्स फ्लेमचे (ज्यात ज्योत मागच्या भिंतीवरून वळून पुढे येते ते) बुटके बॉयलर आणि आखूड चेंबरचे थर्मिक फ्लुइड (म्हणजे तेल तापवणारे) हीटर भरपूर. त्यात ज्योतीला पुढे पसरायला फार जागा नसते.

आता त्यात लो-नॉक्स, म्हणजे नॉक्स (नायट्रोजनचे प्रदूषण करणारे ऑक्साइड) कमी सोडणारा, बर्नर बसवला की ओढाताण सुरू होते. नैसर्गिक वायूत नायट्रोजनची संयुगं जवळपास नसतातच. नॉक्स तयार होतो तो हवेतल्या नायट्रोजनपासून, ज्योतीच्या फार तापलेल्या भागात. तापमान १४००-१५०० अंशांच्या वर जायला लागलं की तो झपाट्याने वाढतो. म्हणून लो-नॉक्स बर्नर गॅस आणि हवा सावकाश, टप्प्याटप्प्याने मिसळतो किंवा जळून गेलेला वायू परत ज्योतीत ओढतो, म्हणजे ज्योत थंड राहते. पण सावकाश मिसळलं की ज्योत लांब होते, आणि लांब ज्योतीला तुमच्याकडे जागा नाही. झटपट मिसळून ज्योत आखूड केली की नॉक्स वाढतो. बर्नर या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीत सेट केलेला असतो. लांब भट्टीत हवा थोडी कमी पडली तर ज्योत लांबते आणि पुढे कुठेतरी जळून जाते. आखूड भट्टीत तेवढीच हवा कमी पडली तर ज्योत भिंतीला लागते, सीओ चढतो आणि घुमणं सुरू होतं. म्हणून आधी हवा.

पहिली गोष्ट: वही काढा

याला एक रुपया लागत नाही आणि हेच कोणी करत नाही. ट्रिप झाला की रिसेटला हात लावण्याआधी कंट्रोलरवरचा कोड लिहा. वेळ, लोड, गॅस प्रेशर, बाहेर ऊन की पाऊस, खोलीचा शटर उघडा की बंद, तेही लिहा. दहा ट्रिप लिहिल्यावर काहीतरी नमुना दिसतो. फक्त पेटताना पडतोय तर इग्निशन बघायचं. फक्त चढत्या लोडवर पडतोय तर हवा. कधीही, कसाही पडतोय तर फ्लेम सेन्सर, वायरिंग किंवा गॅसचा दाब.

आणि रिसेट दोनदाच. तिसऱ्यांदा नाही. प्रत्येक फसलेल्या पेटवणीत भट्टीत थोडा गॅस जातो. प्री-पर्ज (पेटवण्याआधी ब्लोअरने भट्टीत हवा फिरवणं) तो बाहेर काढतो, पण काही बिघडलेलं असताना तो पूर्ण निघालाच असेल याची खात्री कोण देणार? हवेत साधारण ५ ते १५ टक्के नैसर्गिक वायू असला की मिश्रण स्फोटक होतं. दोनदा रिसेट करून बर्नर टिकला नाही तर हाताने गॅस कॉक बंद करायचा आणि कारण शोधायचं.

दुसरी गोष्ट: खोलीत हवा येतेय का

एक टनाचा (ताशी एक टन वाफ देणारा) बॉयलर पूर्ण लोडवर ताशी साधारण ७० ते ७५ घनमीटर गॅस खातो. एक घनमीटर गॅसला जवळपास साडेनऊ घनमीटर हवा लागते, वर थोडी जादा धरली तर अकरा. म्हणजे ताशी ८०० घनमीटर हवा त्या खोलीत कुठून तरी आत आली पाहिजे. दहा मीटर बाय आठ मीटर, चार मीटर उंचीच्या गाळ्यात एकूण हवाच ३२० घनमीटर असते. बर्नर ती तासाला अडीच वेळा पिऊन टाकतो.

तुर्भ्याच्या एका लाँड्रीत जुलैमध्ये गेलो होतो. आठ दिवसांत तीन जण येऊन गेले होते, यूव्ही सेल (ज्योत ओळखणारा सेन्सर) बदलून झाला होता. तिथले अटेंडंट काका मला म्हणाले, "साहेब, पाऊस लागला की हा रुसतो बघा." खोलीत गेलो तर मागच्या भिंतीच्या जाळीवर निळी ताडपत्री, चारही कोपऱ्यांत सुतळीने घट्ट बांधलेली. पावसाचे शिंतोडे पॅनेलवर उडत होते म्हणून त्यांनीच बांधली होती, आणि पॅनेलची काळजी म्हणून बांधली हे बरोबरच होतं. पण ताडपत्री आतल्या बाजूला फुगून ताणली गेली होती, जणू कोणी आतून ओढतंय. मी शटर दोन फूट वर केला. घुमणं तिथल्या तिथे उतरलं, काका माझ्याकडे आणि शटरकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढून जाळीवर तिरका पत्रा लावला, पाणी बाहेर आणि हवा आत. त्या पावसाळ्यात मला पुन्हा जावं लागलं नाही.

तुम्ही हे आत्ता करून बघू शकता. बर्नर हाय फायरला असताना खोलीचं दार उघडा. आवाज बदलला, ज्योत निळी झाली, तर आजार खोलीत आहे. दार उघडताना ते आत ओढलं जातंय असं हाताला जाणवलं तर खात्रीच. कागदाची पट्टी जाळीपाशी धरूनही कळतं.

अजून एक. खोली फार तापली की ब्लोअर गरम हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. ३० अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की तेवढ्याच घनमीटरात जवळपास ५ टक्के कमी ऑक्सिजन येतो. वाफेच्या लाइनचं फाटलेलं इन्शुलेशन दुरुस्त केलं तर बर्नर सुधारतो, हे सांगितल्यावर लोकांना पटत नाही, पण मी ते बघितलंय.

तिसरी गोष्ट: ब्लोअर

मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, मग ब्लोअरची जाळी काढा. लाँड्री आणि कापड प्रक्रियेच्या कारखान्यांत जाळीवर लोकरीसारखा कापसाचा थर सापडतो. फरसाणवाल्यांकडे तेलाची वाफ आणि धूळ मिळून पात्यांवर चिकट लेप बसतो. बोटाने खरवडला तर नखात भरतो. जाळी सगळे साफ करतात, पाती कोणी बघत नाही. पात्याच्या वळणात दोन मिलिमीटर थर बसला तरी पात्याचा आकार बदलतो आणि हवा घटते, मोटर मात्र तेवढाच वेग दाखवते. लाकडी पट्टीने आणि ब्रशने खरवडा. पाण्याचा फवारा मारू नका, मोटर जाईल. पात्यावरचं बॅलन्सिंगचं छोटं वजन निघणार नाही एवढं जपा.

लो-नॉक्समध्ये जाळीदार पृष्ठभागावर जळणारे प्रीमिक्स (गॅस आणि हवा आधीच मिसळून घेणारे) बर्नर असतात, आखूड भट्टीसाठी ते फार चांगले, कारण ज्योत जवळपास नसतेच, जाळीवर बारीक निळा थर जळतो. पण त्यांना धूळ अजिबात चालत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूच्या गाळ्यात असा बर्नर असेल तर हवेचा फिल्टर दर महिन्याला बघा. फिल्टर फाटला म्हणून काढून ठेवला आणि दोन दिवस तसाच चालवला, तर जाळी बुजते, आणि त्या जाळीची किंमत ऐकून मालक खुर्चीत बसतात.

चौथी: गॅसचा दाब, फक्त बघायचा

बर्नर बंद असतानाचा, लो फायरचा आणि हाय फायरचा, असे तीन आकडे लिहा. रेग्युलेटरच्या पुढचा, म्हणजे बर्नरकडच्या बाजूचा, दाब तिन्ही वेळी जवळपास स्थिर हवा. हाय फायरला तो बसत असेल तर फिल्टर तुंबलाय, रेग्युलेटर लहान पडतोय किंवा मागून पुरवठाच कमी येतोय. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बऱ्याच बनावटींत १० मिलीबारपेक्षा वाढला की आतला भाग बदलायचा असतो. १० मिलीबार म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे १०० मिलिमीटर. मीटरच्या मागचा, म्हणजे गॅस कंपनीकडच्या बाजूचा, दाब कमी असेल तर ते गॅस कंपनीचं काम, त्यांना कळवा.

इथे तुमचं काम संपतं. फिल्टरचं झाकण उघडणं, रेग्युलेटरचा स्प्रिंग फिरवणं, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा गॅसचा व्हॉल्व्ह) खोलणं हे तुम्ही करायचं नाही. कंट्रोलरने व्हॉल्व्ह गळतीचा कोड दाखवला तर रिसेटही करू नका. त्याचा अर्थ दोनपैकी एक सेफ्टी व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, आणि बर्नर बंद असताना गॅस भट्टीत झिरपू शकतो.

पाचवी: चिमणी आणि एफजीआरचं पाणी

एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. एक टनाच्या बॉयलरच्या चिमणीतून पूर्ण लोडवर तासाला सुमारे १२० लिटर पाणी जातं. वायू ५५ अंशांच्या आसपास थंड झाला की त्याचे थेंब व्हायला लागतात. चिमणीच्या तळाचा ड्रेन गंजाच्या पोपड्यांनी बुजला तर पाणी साठतं आणि वायूची वाट अरुंद होते. काडी घालून ड्रेन मोकळा आहे का बघा, एवढंच.

ज्यांच्याकडे एफजीआर आहे, म्हणजे चिमणीतला थोडा वायू परत ब्लोअरकडे आणणारा पाइप, त्यांनी त्या पाइपाचा सगळ्यात खालचा भाग बघावा. रात्री बॉयलर बंद राहिला की तिथे पाणी जमतं. सकाळी लोड चढतो, एफजीआरचा डॅम्पर (पाइपातली झडप) उघडतो आणि ते पाणी एकदम ब्लोअरमध्ये ओढलं जातं. ज्योत डगमगते, सेन्सरचा सिग्नल तुटतो, ट्रिप. वहीत "रोज सकाळी, सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी" असा नमुना दिसला की मी सरळ या ड्रेनकडे जातो. काही ठिकाणी ड्रेनच ठेवलेला नसतो; अर्ध्या इंचाचा कॉक बसवून घेतला की प्रश्न मिटतो. एफजीआरचा डॅम्पर गंजून अर्धा उघडा अडकला असेल तरीही हेच होतं: जळलेला वायू जास्त, ताजी हवा कमी. खाडीच्या बाजूच्या हवेत असे सांधे लवकर गंजतात.

सहावी: दार, पॅकिंग आणि बर्नरचं तोंड

इथून पुढे बॉयलर थंड हवा, गॅस कॉक बंद हवा आणि सोबत जाणता फिटर हवा. या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण परत परत येणाऱ्या तक्रारींत हवेनंतर सगळ्यात मोठा वाटा याचा आहे, आणि त्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं: वार्षिक तपासणी झाली की महिन्याभरात फोन.

तपासणीसाठी बॉयलर उघडतात, बर्नर उतरवतात, दार उघडतात. तपासणी होते, दार बंद होतं, सगळ्यांना उत्पादन सुरू करायची घाई. रिव्हर्स फ्लेमच्या बॉयलरमध्ये ज्योत मागे जाते, भिंतीला वळसा घेते आणि कडेकडेने पुढच्या दाराकडे परत येते. म्हणून बर्नरची नळी दाराच्या रिफ्रॅक्टरीच्या (उष्णता सोसणाऱ्या अस्तराच्या) पुढे, भट्टीत आत, ठरावीक अंतर गेलेली असावी लागते. किती, ते बर्नरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आणि नळी व रिफ्रॅक्टरी यांच्यामधली गोल फट सिरॅमिक फायबरच्या दोरीने किंवा ब्लँकेटने भरलेली हवी. घाईत जुनी दोरी फेकली जाते, नवी आणलेली नसते, फट तशीच राहते. परत येणारा तापलेला वायू त्या फटीत शिरतो, बर्नरची फ्लँज तापते, दाराचा रंग करपतो, यूव्ही सेल आणि इग्निशनची केबल भाजते.

पावण्यातल्या एका कारखान्यात वर्षात तीन यूव्ही सेल गेले होते. प्रत्येक वेळी सेल खराब निघाला म्हणून नवा बसवला. मी बर्नर बाहेर ओढला तेव्हा नळीभोवती दोन बोटं जाईल एवढी फट होती, आणि नळीचं तोंड एका बाजूने वितळल्यासारखं वाकलं होतं. डिफ्यूझरच्या (ज्योतीपाशी हवा पसरवणाऱ्या चकतीच्या) पात्यांपैकी दोन पाती मिटलेली. हवा एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी, ज्योत तिरकी, आणि तिरकी ज्योत भट्टीच्या डाव्या अंगावर घासत होती. सेल बिचारा या सगळ्याचा शेवट होता. नवं हेड (बर्नरचं तोंड), चार मीटर सिरॅमिक दोरी आणि एक दिवस, एवढ्यात काम झालं. पहिल्याच वेळी दोरी भरली असती तर हेड वाचलं असतं.

बर्नर बाहेर असताना या गोष्टी बघा: नळी गोल आहे का, गॅसची सगळी भोकं मोकळी आहेत का, डिफ्यूझरवर काळा थर आहे का, इग्निशन इलेक्ट्रोडच्या टोकातलं अंतर पुस्तिकेप्रमाणे आहे का आणि त्याच्या चिनी मातीला तडा आहे का. मग टॉर्च लावून मागची भिंत बघा. एका जागी चकचकीत किंवा पांढरट ठिपका, त्याभोवती काळपट कडी असेल तर ज्योत रोज तिथे आपटतेय. दार बंद करायच्या आधी नळी दाराच्या रिफ्रॅक्टरीच्या किती पुढे गेलीय ते पट्टीने मोजा आणि फ्लँजवर मार्करने लिहा. पुढच्या वर्षीचा फिटर तुम्हाला दुवा देईल.

रिफ्रॅक्टरीला मोठी भेग असेल, नळीपत्र्याशी (ज्यात नळ्या बसवतात त्या पत्र्याशी) जोडावर गळती दिसली, बॉयलरच्या अंगाला वेल्डिंगची गरज वाटली तर थांबा. ते काम मान्यताप्राप्त दुरुस्ती करणाऱ्याचं, आणि त्याला बाष्पके संचालनालयाची परवानगी लागते.

सातवी: सांध्यांतली ढिलाई

हवेचा डॅम्पर आणि गॅसचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह एकाच मोटरने, दांड्यांनी जोडलेले असतील तर सांधे झिजतात. चढताना एक गुणोत्तर, उतरताना दुसरं. दांडी हाताने हलवून बघा. मोटर न हलता ती हलत असेल तर सेटिंग कितीही चांगलं केलं तरी टिकणार नाही. सांध्यांवर मार्करची रेघ मारून ठेवा, सरकलं की लगेच दिसतं. बदलण्याचं आणि पुन्हा सेट करण्याचं काम मात्र ॲनालायझर असलेल्या माणसाचं.

आठवी: ॲनालायझर, आणि जानेवारीचं सेटिंग

ही शेवटची पायरी आणि ती व्यावसायिकाची. ज्योतीचा रंग बघून सेटिंग करणाऱ्याला आखूड भट्टीच्या लो-नॉक्स बर्नरला हात लावू देऊ नका. निळी ज्योत दिसत असताना सीओ ५०० असू शकतो. सीओला ना रंग ना वास; खोलीच्या हवेत ४०० पीपीएम झाला तर तासा-दोन तासांत डोकं दुखायला लागतं, त्याहून वाढला तर जीव जातो. बॉयलर खोलीत सीओचा अलार्म लावा, तो या लेखातला सगळ्यात स्वस्त विमा आहे.

आता ऋतूचं गणित. समजा जानेवारीतल्या सकाळी, १८ अंश तापमानात, चिमणीत ऑक्सिजन ३ टक्के ठेवून बर्नर सेट केला. कागदावर उत्तम. ब्लोअर दर तासाला तेवढेच घनमीटर हवा ढकलतो, पण मे महिन्यात हवा ३६ अंशांवर विरळ होते, आणि जुलैत तापमान ३० असलं तरी हवेचा चारेक टक्के भाग नुसती पाण्याची वाफ असते. दोन्ही हिशोब केले तर दोन्ही वेळी ऑक्सिजन जानेवारीपेक्षा साधारण ७ टक्के कमी. गॅस जमिनीखालच्या पाइपातून येतो, तो तेवढा बदलत नाही. चिमणीतला ऑक्सिजन ३ वरून दीड टक्क्यावर येतो. लांब भट्टी हे सोसते. आखूड भट्टीत दीड टक्क्यावर सीओ उसळतो. "हिवाळ्यात नीट होता" या तक्रारीचं उत्तर हे.

म्हणून ऑक्सिजन ट्रिम (चिमणीतला ऑक्सिजन बघून हवा आपोआप जुळवणारी यंत्रणा) नसलेल्या बर्नरचं सेटिंग वर्षातून दोनदा करून घ्या, एप्रिलच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. एकदाच जमणार असेल तर उन्हाळ्यात करा. हिवाळ्यात थोडी हवा जादा जाईल, थोडा गॅस वाया जाईल, पण सीओ चढणार नाही.

तंत्रज्ञाकडून लो, मधला आणि हाय, निदान तीन लोडचा छापील कागद घ्या. त्यावर ऑक्सिजन, सीओ, नॉक्स आणि चिमणीचं तापमान हवं. नॉक्सचा नुसता आकडा बघू नका. जास्त हवा मिसळली की तो आपोआप कमी दिसतो. ३ टक्के ऑक्सिजनवर आणून बघायचा: आकडा गुणिले १७.९, भागिले २०.९ वजा मोजलेला ऑक्सिजन. ७ टक्के ऑक्सिजनला ४५ पीपीएम दिसला तर तो खरा ५८ आहे. पीपीएमला २.०५ ने गुणलं की मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर मिळतो, प्रदूषण मंडळाच्या कागदपत्रांत तोच लागतो. सीओलाही हीच दुरुस्ती लावायची.

सगळं केलं, तरी ज्योत भिंतीला लागते

मग बर्नर आणि भट्टीची जोडीच जुळलेली नाही. युरोपीय मानक ईएन ६७६ नुसार बर्नरची चाचणी ठरावीक व्यासाच्या आणि लांबीच्या चाचणी-नळीत होते. प्रमाणपत्रावरचा नॉक्सचा आकडा त्या नळीतला असतो, तुमच्या भट्टीतला नसतो. बर्नर उत्पादकाकडे तुमच्या क्षमतेला ज्योतीची लांबी आणि जाडी किती, याचा तक्ता असतो. तो मागा आणि भट्टीच्या आतल्या मापांशी ताडून बघा.

उपाय तीन, आणि तिन्ही उत्पादकाला विचारूनच. कमाल फायरिंग ८० ते ८५ टक्क्यांवर बांधून टाकायचं. बरेच बॉयलर रोजच्या कामाला तेवढं वापरतच नाहीत. आखूड ज्योतीचं हेड मिळत असेल तर ते बसवायचं. नाहीतर पृष्ठभागावर जळणारा प्रीमिक्स बर्नर घ्यायचा, हवेच्या चांगल्या फिल्टरसकट. माझं मत विचाराल तर आधी पहिला उपाय महिनाभर करून बघा, त्याला खर्च नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गॅसचा वास आला तर दिवा-पंख्याचं बटणसुद्धा दाबू नका, बाहेरचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर बाहेरूनच फोन करा. दोन रिसेटनंतर तिसरा ट्रिप, व्हॉल्व्ह गळतीचा कोड, पेटताना 'भप्' असा धक्का, सीओ अलार्म, लाल झालेलं किंवा करपणारं दार, यातलं काहीही झालं तर बर्नर बंद ठेवा. आणि एअर प्रेशर स्विच किंवा फ्लेम सेन्सर वायर जोडून बायपास केलेला मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलाय. "डिस्पॅच आहे साहेब, आजच्या दिवस" असं म्हणून केलेला. तसा बर्नर मी चालू करत नाही, वायर काढल्याशिवाय पुढचं बोलणंही करत नाही. तुमच्याकडे कोणी तसं करायला निघाला तर त्याला थांबवा, तो तुमचा मालक असला तरी.

फोन करताना हे हाताशी ठेवा: बर्नरचं मॉडेल, शेवटच्या पाच ट्रिपचे कोड आणि वेळा, गॅस प्रेशरचे तीन आकडे, शेवटच्या ॲनालायझरचा कागद, आणि वार्षिक तपासणीसाठी दार कधी उघडलं होतं ती तारीख. यूव्ही सेल बदलला असेल तर तो जुना सेल फेकू नका, त्याच्या काचेवर आणि वायरवर भाजल्याची खूण आहे का, ते मला आल्यावर बघायचं असतं.